एका पायाची निळी चप्पल

माझं दुकान स्टँडच्या अगदी समोर. रस्ता ओलांडला की झेरॉक्सवाल्याच्या शेजारी 'टॅटू' अशी पाटी दिसते, तेच. आत एक खुर्ची, एक दिवा, एक आरसा आणि मी. अठ्ठावीस वर्षं झाली, माणसांच्या कातडीत सुई टोचून पोट भरते आहे. लोकांना वाटतं, जेवढं मोठं चित्र तेवढी मोठी गोष्ट. कसलं काय! पाठभर वाघ काढून घेणाऱ्याला विचारा, का रे बाबा, वाघच का? 'भारी दिसतो.' संपली गोष्ट. आणि सुई टेकवली की हाच वाघ मांजरासारखा केकाटतो.

मला ज्या माणसाबद्दल सांगायचंय त्याच्या अंगावर एकही वाघ नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी छोटी छोटी चित्रं आहेत, मोजून बेचाळीस. दांडी मोडलेली छत्री. भिंतीवरचं घड्याळ. पिशवीतला मासा. टेपने चिकटवलेला चष्मा. अर्धा विणलेला स्वेटर, सुयांसकट. सगळी मीच काढलेली. आणि हा माणूस बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालतो, गळ्याचं बटणसुद्धा लावून. त्याला पाहून तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ भांग बदलायचा तरी वरून परवानगी मागवत असेल.

स्टँडवर गाड्या पुकारायचं काम त्याचं. वरच्या मजल्यावर काचेची खोली, तिथे टेबल, टेबलावर माइक; खाली जिन्याशी चौकशीची खिडकी, तीही तोच सांभाळायचा. सगळे त्याला भोंगा म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि तोही ओ देतो. पण आवाज! घाबरलेला माणूस तो आवाज ऐकून पिशवी खाली ठेवायचा. मी तर दुकानात घड्याळच लावलं नव्हतं. नऊ दहाची गाडी पुकारली की शटर वर, दीडची पुकारली की डबा, साडेसातची पुकारली की घर.

त्याचा एक नियम होता. त्याच्या पुकारण्याने हरवलेलं माणूस सापडलं, की त्याच आठवड्यात तो माझ्याकडे यायचा आणि पुकारताना जी खूण सांगितली तेवढीच अंगावर काढून घ्यायचा. चेहरा नाही, नाव नाही.

"नाव विसरलो तरी चालेल, ताई," म्हणायचा. "मी खुणेनेच शोधलं ना."

मी त्याच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी, पण पहिल्या दिवसापासून ताईच.

ते घड्याळ म्हणजे एक आजोबा. दुरुस्त केलेलं घड्याळ काखेत घेऊन निघाले आणि राहतो कुठे तेच विसरले. सापडले तेव्हा घड्याळात सहा वाजून पाच. भोंग्याच्या खांद्यावर आजही सहा पाचच वाजलेत. पाठीवर एक दात आहे, त्यावर फुली मारलेली. त्याचं असं झालं, जुळ्या मुलींपैकी एक हरवली. आईला रडण्यापुढे शब्द सुचेना. ह्या शहाण्याने समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलीकडे बघून वर्णन ठोकून दिलं, 'पुढचा एक दात पडलेला.' आणि जी हरवली होती तिचे दात सगळे जागच्या जागी! अर्धा तास अख्खा स्टँड पोरींची तोंडं उघडून बघत होता. मी हसून हसून बेजार झाले. फुली त्यानेच मारायला लावली.

पण पोटावर डावीकडे एक इवलासा उभा मुलगा आहे, त्याला मी हसत नाही.

तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला. सुट्टीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. एक बाप खिडकीशी आला. आठ वर्षांचा मुलगा, हिरवी टोपी, आणि पुढे म्हणाला, त्याला ऐकू येत नाही. आता सांगा! ज्याला ऐकूच येत नाही त्याला पुकारायचं कसं? आणि त्या माणसांच्या रानात एवढीशी टोपी दिसणार कुणाला? भोंगा जिना चढून वर गेला. मग आवाज आला, "सर्व प्रवाशांना विनंती. जिथे आहात तिथेच खाली बसा. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, सगळे. एक मिनिट खाली बसा."

लोकांना काही कळेना. पण त्या आवाजाची सवय अशी की बसले हो! आधी म्हाताऱ्या बसल्या, मग पोरं, मग ऐटीत कपडे केलेली माणसंसुद्धा रुमाल अंथरून बसली. मी दारात येऊन बघत होते. हजारभर माणसं जमिनीवर, आणि सहा नंबरच्या फलाटाच्या टोकाला एक हिरवी टोपी एकटीच उभी, ही सगळी अशी का बसली म्हणून इकडेतिकडे बघत. बाप माणसांवरून उड्या मारत धावला. माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय, हे बघा.

तर असे एक्केचाळीस सापडलेले. बेचाळिसावी न सापडलेली. म्हणजे खरं तर ती पहिली.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भोंगा तेव्हा पंचविशीचा, नोकरीला लागून चार महिने झालेले, नियम तोंडपाठ. दहा मार्च, दुपारचे चार वीस. एक बाई खिडकीशी आली. मुलगी हरवली, वय चार, लाल फ्रॉक, पायात निळ्या चपला. नियम असा की हरवलेल्या माणसाचा अर्ज भरायचा, त्यावर साहेबांची सही, मगच पुकारायचं. ह्याने अर्ज दिला. बाई एका डोळ्याने गर्दीकडे बघत लिहीत होती. तिने वय नावाच्या रकान्यात लिहिलं. ह्याने काय करावं? दुसरा अर्ज दिला. म्हणाला, रकाना चुकला. मग साहेब वर, अर्ज खाली, जिना मध्ये. माइकचं बटण दाबलं तेव्हा अकरा मिनिटं गेली होती.

पोरगी सापडली नाही. बाहेर जायच्या फाटकाशी झाडूवालीला एक निळी चप्पल मिळाली, एकाच पायाची. ती छातीशी धरून बाई दोन दिवस बाकावर बसून होती. तिसऱ्या दिवशी दिसली नाही. हा अर्जावरच्या पत्त्यावर गेला तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सोडून गेले, कुठे ते माहीत नाही. पोरगी नंतर मिळाली, न मिळाली, आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तो माझ्या दुकानात शिरला. डाव्या हाताची बाही वर केली, मनगटाच्या वरची आतली गोरी बाजू पुढे केली आणि म्हणाला, इथे. डाव्या हाताने तो माइकचं बटण दाबायचा ना, तिथे नजर पडणारच. मीही नवखी होते, चपलेचं बक्कल जरा वाकडं आलं. तो हूं की चूं करत नव्हता. विचारलं, फार दुखतंय का, थांबू का? म्हणाला, "थांबू नका. मी थांबलो होतो."

तेव्हापासून त्याने आधी पुकारलं आणि अर्ज नंतर भरून घेतला. ह्यापायी साहेबांची किती बोलणी खाल्ली त्याला गणती नाही. आणि दरवर्षी दहा मार्चला चार वाजून वीस मिनिटांनी तो तिला पुकारायचा. "मुलगी, वय वर्षं चार. लाल फ्रॉक, एका पायात निळी चप्पल. आई चौकशी खिडकीजवळ वाट बघते आहे." नवे प्रवासी इकडेतिकडे बघायचे. जुने कंडक्टर टोपी काढायचे. एकदा मी बोलून गेले, अरे, ती आता कॉलेजात जात असेल. पंधरा दिवस बोलला नाही माझ्याशी.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याच्या जिभेला डाव्या बाजूने फोड आला. दात टोचतोय म्हणाला. मलम लावलं, दाताचं टोक डॉक्टरकडून घासून घेतलं, फोड काही जाईना. मग तपासणी. मग ते नाव, जे ऐकलं की तोंडचं पाणी पळतं. कॅन्सर. आणि कुठे, तर जिभेला! माणसांना घरी पोचवणाऱ्या जिभेला. मला इतका राग आला की मी त्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक उगाचच हाकलून दिलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. अर्धी जीभ काढावी लागेल. वेळेत काढली तर माणूस वाचेल. तिथे नवी जीभ म्हणून हाताच्या आतल्या बाजूची कातडी, रक्ताच्या नळीसकट, उचलून शिवायची. ती कातडी पातळ, मऊ, तिथे केस नाहीत. उजव्या हाताच्या नळ्या तपासल्या, त्या जमण्यासारख्या नव्हत्या. म्हणजे डाव्या हाताची. म्हणजे चप्पल जिथे आहे नेमकी तीच.

हा माणूस नाही म्हणाला. सहीच करेना.

तीन आठवडे गेले. फोड वाढत होता आणि हा रोज पांढरा शर्ट घालून वर जाऊन गाड्या पुकारत होता, 'ड' आणि 'ळ' अडखळत. शेवटी वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडे आली. कधी मोठ्याने न बोलणारी बाई, खुर्चीत बसून ढसाढसा रडली. "ताई, मांडीची कातडी घ्या, पाठीची घ्या म्हणतायत. हाताला हात लावू देत नाहीत. एक तुम्हीच राहिलात."

माझं डोकंच फिरलं. दुकान उघडं टाकून मी रस्ता ओलांडला आणि ते जिने चढले. पहिल्यांदाच गेले त्या काचेच्या खोलीत. तो माइकसमोर बसलेला, बाही दुमडून चपलेकडे बघत.

"तुला मरायचंय का?" मी म्हटलं.

"हिला बघितल्याशिवाय मी बटण दाबलेलं नाही, ताई. एकदाही नाही. दिसेनाशी झाली की मी पुन्हा अर्ज मागायला लागेन."

सव्वीस वर्षांत एवढ्या लोकांना शोधून दिलं, तरी हा अजून त्या अकरा मिनिटांतच बसलेला. पण मी काही गोड बोलणारी बाई नाही.

"गाढवा," म्हटलं, "टाकून देणार आहेत का ती? तोंडात बसवणार आहेत! इतकी वर्षं बोलायच्या आधी नुसती बघत होतास. आता बोललास की प्रत्येक शब्द तिला लागून बाहेर पडेल. विसरायचं म्हटलंस तरी विसरता येणार नाही. आणि तूच नाही राहिलास तर दहा मार्चला त्या पोरीला पुकारणार कोण? मी? माझ्या आवाजाला कुत्रंसुद्धा उभं राहत नाही."

त्याने माइक ओढला. एक गाडी पुकारली. मग म्हणाला, "चपलेचं टोक कुठे येईल?"

"काय?"

"टोक. डॉक्टरांना सांगा, बाहेरच्या बाजूला ठेवा. बोल बाहेर जायला हवेत ना."

नऊ तास ऑपरेशन चाललं. वहिनी आणि मी बाहेरच्या बाकावर, दोघींचा जीव टांगणीला. पुढचे तीन दिवस त्याहून वाईट. नवी जीभ गुलाबी राहिली तर रुजली, निळी पडली तर गेली. म्हणून दर तासाला नर्स टॉर्च मारून बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नर्स आली. तिने तोंडात टॉर्च मारला आणि किंचाळलीच, "निळी पडली! निळी पडली!" धावाधाव, डॉक्टर जिना चढून धापा टाकत हजर, वहिनी भिंतीला टेकलेली. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. निळी होती ती चप्पल. माझ्या शाईची चप्पल! भोवतालची कातडी छान गुलाबी. त्यानंतर पलंगावर कागद चिकटवला, 'रुग्णाच्या तोंडात निळी चप्पल आहे. घाबरू नये.' भोंग्याला बोलता येत नव्हतं, गळ्यात नळी, नाकात नळी. पण तो कागद वाचून त्याचं पोट हलताना मी पाहिलं.

महिन्याने तो दुकानात आला आणि त्याने माझ्यापुढे तोंड उघडलं. मी माझा कामाचा दिवा वळवला. आयुष्यभर कातडीच बघत आले मी. जखमा बघितल्या, भाजलेलं बघितलं, माणसांनी काय काय कोरून घेतलेलं बघितलं. पण असं नाही. माझ्याच हातची चप्पल, माझंच वाकडं बक्कल, आणि ती आता हलत होती, ओली होती, त्याच्या जिभेच्या जागी जिवंत होती. मी कुणापुढे सहसा हात जोडत नाही, त्या दिवशी दिवा बाजूला ठेवून जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका.

टोक मात्र बाहेर नव्हतं. रक्ताची नळी जिकडे पोचली तशी कातडी बसवावी लागली म्हणे. टाच ओठांकडे, टोक घशाकडे. मी म्हटलं, "उलटी बसली रे."

त्याने वही ओढली आणि लिहिलं, 'उलटी नाही. आत येतेय.'

मग बोलायची शिकवणी. आ, ई, ऊ, आरशात बघत. घरी वहिनी रडायची म्हणून तो माझ्या दुकानात येऊन सराव करायचा. माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक, कोपऱ्यातल्या स्टुलावर हा. काही दिवसांनी मी बघितलं, तो एकच शब्द घोकतोय. तीथ. तीत. तीश. तोंडाला फेस यायचा, घोटभर पाणी प्यायचा, पुन्हा तीथ.

"तीस?" मी विचारलं. "तीस नंबरची गाडी तर नाही आपल्याकडे."

त्याने हात हलवला, म्हणजे तुम्ही तुमचं काम करा.

तिकडे स्टँडवर यंत्र आलं होतं. एका बाईचा आवाज, साखरेत घोळलेला, सगळ्या गाड्या एकाच सुरात. चूक नाही, धाप नाही, आणि माणूस हरवलं तर उपयोग शून्य. भोंग्याला सामानघरात बसवलं, पावत्या द्यायला. माझं तर वेळेचं गणितच कोलमडलं. शेवटी भिंतीवर घड्याळ लावलं, पण त्याच्याकडे बघायचा राग यायचा.

यंदाचा दहा मार्च. मी कुणाला काही बोलले नव्हते. एका मुलीच्या मनगटावर वेल काढत होते, अर्ध्यावर आली होती. डोळा सारखा घड्याळाकडे. चार अठरा. चार एकोणीस. यंत्रातली बाई कुठलीशी गाडी सांगत होती आणि मधेच गप्प झाली.

खरखर आली. मग कुणाचा तरी श्वास. सगळ्या स्टँडभर घुमला तो श्वास. मी सुई उचलून धरली.

आवाज तोच होता हो. जड झालेला, शब्द भिजलेले, अक्षरं एकमेकांना चिकटलेली, पण तोच.

"मुलगी," तो म्हणाला. मग थांबला. इतका थांबला की मला वाटलं संपलं, जमत नाही बिचाऱ्याला. कंडक्टर गाड्यांमधून उतरून उभे राहिलेले मला दारातून दिसत होते.

"मुलगी. वय वर्षं तीस."

स्वच्छ आला. इतका स्वच्छ की मी खुर्चीचा हात घट्ट पकडला. दर वर्षी चार म्हणणारा माणूस! तीन महिने तोंडातून रक्त येईस्तोवर घोकलं ते हे. पोरीला त्याने मोठी होऊ दिली होती. नवी जीभ मिळाल्यावर पहिलं काम हे केलं.

"एका पायात निळी चप्पल होती. ती माझ्याकडे नीट आहे. कधीही खिडकीवर या." पुन्हा श्वास. "अर्ज भरायची गरज नाही."

बटण सुटल्याचा खट्ट आवाज आला. यंत्रातली बाई बोलू लागली, पण बराच वेळ स्टँडवर कुणी जागचं हललं नाही.

"काय म्हणाला तो?" खुर्चीतली मुलगी विचारत होती. "मला काहीच कळलं नाही."

"मला कळलं," मी म्हटलं, आणि तिच्यासमोरच रडले. चांगली हुंदके देऊन रडले. ती बिचारी माझं मनगट धरून बसली, वेल तशीच अर्धी.

पाच वाजता भोंगा आला. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, घामाने थबथबलेला. मी डोळे पुसून घेतले होते, पण त्याला काय दिसायचं ते दिसलं.

"'गरज'मधला 'र' खाल्लास," मी म्हटलं.

तो हसला. एका बाजूनेच हसतो आता. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि हाताने आरसा मागितला.

"आता कशाला? झालं ना पुकारून?"

"पुढच्या वर्षी," तो एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला, "एकतीस."

'क' त्याला फार अवघड जातो. तो म्हणायचा तर जीभ मागून वर उचलावी लागते, आणि मागेच ते टोक आहे. मी दिवा त्याच्याकडे वळवला, आरसा त्याच्या हातात दिला, आणि तो सुरू झाला. एत-तीस. एग-तीस. एह-तीस.